जादा उजेडानेही नेट बंद पडते!

कुरुंदवाड : ठिबकच्या नळीत मोटारीचा सगळा दाब सोडला की सांधे निसटतात, हे आमच्या ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको. काचेच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटचेही तसेच आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून, म्हणजे आताच्या भारतनेटमधून, ही तार ग्रामपंचायतीच्या दारात आली. नेट अडले की आपण म्हणतो, ‘सिग्नल कमी पडला असंल.’ पण कधी तो जादाही असतो. मग पेटी गोंधळते, सातबारा निघत नाही आणि खातेदार दारात ताटकळतो.

नेहमीच्या जीपॉन पेटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम एवढाच प्रकाश मानवतो. यात उणे ५ म्हणजे जास्त. हिशेब उलटा वाटतो खरा! एक किलोमीटर तार अर्धा डेसिबलही खात नाही. खरी वाटणी स्प्लिटर करतो : दोन फाट्यांचा सुमारे साडेतीन डेसिबल खातो, बत्तीस फाट्यांचा सतराच्या आसपास. म्हणून लहान स्प्लिटरवरच्या जवळच्या गावाला हा त्रास होऊ शकतो.

पंचायतीने पेटी बदलण्याआधी तंत्रज्ञाला पॉवर मीटर लावायला सांगावे. उणे ५ दिसले तर १० डेसिबलचा ॲटेन्युएटर बसवावा. प्रकाश दहावा हिस्सा उरतो, आकडा उणे १५ वर येतो. तार वाकवून प्रकाश मारण्याचा उद्योग नको, पुढे तीच जागा दगा देते. आणि तारेच्या टोकात डोळा घालू नका. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला बाधू शकतो.