दाबपात्रांसाठी धातूची निवड : बळ आणि खर्च यांचा तौलनिक विचार

दाबपात्रासाठी धातू निवडताना केवळ प्रतिकिलो दरांची तुलना करण्याचा प्रघात विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत वारंवार आढळतो. ही तुलना अपुरी आहे. कारण किती किलो धातू लागेल हे जाडीवर अवलंबून असते आणि जाडी ठरते ती अनुज्ञेय प्रतिबलावरून.

अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संहितेतील आठव्या विभागाच्या सूत्रानुसार दंडगोलाकार कवचाची जाडी काढण्यासाठी दाब व अंतर्त्रिज्या यांचा गुणाकार घेतात. प्रतिबल व जोड-कार्यक्षमता यांच्या गुणाकारातून दाबाची ०.६ पट वजा करून येणाऱ्या संख्येने त्यास भागतात. त्रिज्या १००० मिमी, दाब २ मेगापास्कल, सामान्य तापमान आणि जोडांची संपूर्ण क्ष-किरण तपासणी गृहीत धरू. एसए-२८५ ग्रेड सी पोलादाचे अनुज्ञेय प्रतिबल १०८ मेगापास्कल असल्याने जाडी १८.७ मिमी येते. एसए-५१६ ग्रेड ७० चे १३८ असल्याने १४.६ मिमी पुरते. पहिल्याचा दर किमान २२ टक्क्यांनी कमी असल्याखेरीज तो 'स्वस्त' पत्रा स्वस्त ठरत नाही. शिवाय व्ही-आकाराच्या जोडात भरावयाचा धातू ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथे ही वाढ सुमारे ६४ टक्के होते. अंदाजपत्रकात नेमकी हीच बाब सुटते.

दाब ४.५ मेगापास्कल केल्यास फरक अधिक बोचरा होतो. एसए-५१६ ला ३३.३ मिमी, तर एसए-२८५ ला ४२.७ मिमी जाडी लागते. ३८ मिमीपलीकडे वेल्डिंगनंतरची उष्णतोपचार प्रक्रिया संहितेने अनिवार्य केली आहे. दुर्बळ धातूच्या माथी हा खर्चही येतो.

क्ष-किरण तपासणी केवळ नमुन्यादाखल केल्यास जोड-कार्यक्षमता ०.८५ धरावी लागते. पहिल्या उदाहरणातील १४.६ मिमीचे मग १७.२ मिमी होतात. तपासणीत वाचविलेला पैसा अशा रीतीने पत्र्यात जातो.

३०४ एल या स्टेनलेस पोलादाविषयी मात्र गैरसमज फार. त्याचे प्रतिबल ११५ मेगापास्कल असल्याने २ मेगापास्कल दाबास १७.६ मिमी जाडी लागते. एसए-५१६ च्या १४.६ मध्ये गंजापोटी ३ मिमी मिळविले तरी तेवढीच जाडी होते, आणि दर मात्र कित्येक पटींनी कमी. बळासाठी स्टेनलेस घेणे म्हणूनच समर्थनीय नाही. पदार्थाची शुद्धता वा तीव्र गंज यांसाठी ते घ्यावे, आणि तेथेही साध्या पोलादावर स्टेनलेसचा पातळ थर असलेला पत्रा बहुधा परवडतो. क्लोराइडयुक्त उष्ण पाण्यात तर ३०४ एल ला ताण-संक्षरणाने तडे जातात. या तड्यांपुढे वाढीव जाडीचा उपयोग नसतो. कारण पत्रा झिजण्यापूर्वीच तडा आरपार जाऊ शकतो.