उंचीचा थंडावा आणि वेळेचा थंडावा

वार्षिक परीक्षा आटोपून मुलांच्या हाती गुणपत्रिका पडल्या आणि वैशाखाचे ऊन दुपारभर गच्चीवर रेंगाळू लागले, म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातील, किंवा आताच्या अधिकृत नावाने अहिल्यानगर जिल्ह्यातील, बहुतेक घरांत हवाखोरीला कुठे जावे हा विषय निघतो. ही ओढ या नगरीला नवी नाही. निजामशाहीच्या अमदानीत तलावाच्या मध्यभागी उभारलेला फराहबागेचा महाल पाहिला, की पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याचे मोल त्या काळच्या राज्यकर्त्यांना किती होते, याची साक्ष पटते. आज ज्यांची ऐपत आहे ती मंडळी आल्प्सची नोंदणी करतात, आणि इतरांची पावले संगमनेर, अकोले, राजूर या वाटेने भंडारदऱ्याकडे, रतनवाडीकडे, घाटघरकडे आणि कळसूबाईच्या पायथ्याकडे वळतात. परंतु अलीकडे उष्णतेच्या लाटेचे इशारे वरचेवर ऐकू येऊ लागल्यामुळे "एवढ्या उन्हात लेकरांना घेऊन कशाला जायचे?" हा आजीचा प्रश्न आणि "डोंगरात कसले आले ऊन!" हे तरुणांचे उत्तर, यांत घरोघर वाद होतो. आजीची भीती निराधार नाही आणि तरुणांची ओढही गैर नाही. मात्र दोहोंच्या मुळाशी काही गैरसमज आहेत, आणि सहलीचा बेत ठरण्यापूर्वी ते दूर झाले पाहिजेत.

गैरसमज १ : भंडारदरा उंचावर आहे, म्हणून तेथे उन्हाळा जाणवत नाही.

वस्तुस्थिती : उंची वाढली की हवा थंड होते हा नियम खरा आहे, आणि त्याचे सर्वसाधारण प्रमाण दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस असे मानले जाते. पण हा हिशेब आपण निघतो त्या गावाच्या उंचीपासून मांडावा लागतो, आणि नेमकी तीच गोष्ट विसरली जाते. नगर शहरच मुळी पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेले आहे, तर भंडारदऱ्याचा जलाशय सुमारे ७५० मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे दीडशे किलोमीटरांचा प्रवास करून आपण उंची मिळवतो ती केवळ शंभर मीटरांची, आणि तिच्यापोटी पदरात पडणारा थंडावा एक अंशाचाही नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे, तेव्हा नगरला पारा ४१ अंशांवर असताना शिखरावर तो या हिशेबाने चौतिसाच्या पुढेमागे असावा. आणि चौतीस अंशांत डोंगर चढणे हा काही थंड हवेतील विहार नव्हे.

मग भंडारदऱ्याला गेल्यावर बरे वाटते ते का? त्याचे श्रेय उंचीपेक्षा अधिक सह्याद्रीच्या माथ्यावरून दुपारनंतर वाहणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याला, जलाशयाच्या विस्ताराला, झाडांच्या सावलीला आणि मोकळ्या रात्रीला आहे. सिमेंटच्या भिंती दिवसभर शोषलेली उष्णता रात्री घरात सोडतात. डोंगरातल्या उघड्या माळावर ती आकाशाकडे निघून जाते आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. याचा अर्थ असा, की तेथील थंडावा पहाटेचा आहे, सायंकाळचा आहे, रात्रीचा आहे. भर दुपारी तो तेथेही मागून मिळत नाही. जो ही वेळ ओळखून बेत आखतो, त्याला डोंगर सुख देतो.

गैरसमज २ : पारा चाळीसच्या आत आहे, तोवर काळजीचे कारण नाही.

वस्तुस्थिती : भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी ४० अंश, किनारपट्टीसाठी ३७ अंश आणि डोंगराळ प्रदेशासाठी ३० अंश, असे निरनिराळे किमान उंबरठे धरतो, आणि त्या-त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा तापमान किती वाढले हेही पाहतो. एकच आकडा सर्व मुलखाला लावता येत नाही, याची ही शास्त्रीय कबुलीच आहे. शिवाय जाहीर होणारे तापमान हे जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेले असते. उन्हात तापलेल्या कातळावरून चालणाऱ्या माणसाला सोसावी लागणारी उष्णता त्याहून पुष्कळ अधिक असते.

दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सार्वजनिक समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला; त्या दिवशी त्या परिसरात पाऱ्याने चाळिशीही गाठली नव्हती. आकडा पाहावा, पण त्याबरोबर आर्द्रता, ऊन, श्रम आणि उन्हात काढलेले तास यांचाही जमाखर्च मांडावा.

गैरसमज ३ : घाम दिसत नाही, तहान लागली नाही, म्हणजे शरीरात पाणी पुरेसे आहे.

वस्तुस्थिती : नगरच्या कोरड्या हवेत घाम येतो, पण येताक्षणी उडून जातो, म्हणून तो दिसत नाही, अंगावर पांढरे मिठाचे डाग तेवढे मागे राहतात. तहान ही उशिरा येणारी सूचना आहे, आणि वृद्धांमध्ये ती आणखी मंद होते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोड्या-थोड्या वेळाने घोट-घोट पाणी घ्यावे, आणि लघवीचा रंग गडद झाला तर तो शरीराचा खलिता समजावा. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचाच घ्यावा) विरघळवून केलेले पाणी उत्तम. ज्यांना रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हे प्रमाण निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

गैरसमज ४ : खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही.

वस्तुस्थिती : आपल्या आजीपणजीच्या मायेचा हा तोडगा आहे, आणि त्या मायेविषयी मनात आदरच असावा, परंतु खिशातील कांदा शरीराची उष्णता कमी करीत नाही. त्याच आजीने कैरी उकडून, गूळ आणि मीठ घालून केलेले पन्हे, जिरेपूड घातलेले ताक, डोक्याला बांधलेला ओला पंचा आणि "दुपारी बाहेर पडू नका" हा दंडक, या चारही गोष्टी मात्र शास्त्राच्या कसोटीला उतरतात. कारण पन्ह्याने व ताकाने पाणी आणि क्षार मिळतात, ओला कपडा वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि दुपार टाळल्याने मूळ कारणच टळते. परंपरेतील जे टिकाऊ आहे ते बरोबर न्यावे. कांदा जेवणाच्या डब्यात असावा.

गैरसमज ५ : मुले काटक असतात आणि म्हाताऱ्यांना उन्हाची सवय असते.

वस्तुस्थिती : कुटुंबाच्या सहलीत सर्वांत जपायचे ते याच दोघांना. मुले धावताना त्यांच्या वजनाच्या मानाने अधिक उष्णता निर्माण होते, त्यांना घाम कमी येतो, आणि खेळाच्या भरात थकवा सांगायचे त्यांना भान राहत नाही. वृद्धांच्या शरीराची निवण्याची शक्ती क्षीण झालेली असते, आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातले पाणी आणखी कमी होऊ शकते. उन्हाची सवय ही खरोखरच शरीराला होते, पण ती होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. वातानुकूलित खोलीत वर्ष काढून शनिवारी आलेल्या मुलाला ती रविवारी झालेली नसते.

याच संदर्भात एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: झोपलेले मूल बंद मोटारीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" म्हणून कोणीही उतरू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढू शकते.

गैरसमज ६ : एवढे मोठे धरण असताना पाण्याची काय कमतरता?

वस्तुस्थिती : भंडारदऱ्याच्या, म्हणजेच प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली ते पूर्ण झाले, आणि त्याच्या जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. परंतु हे पाणी साठवले आहे ते खालच्या शेतीसाठी; उन्हाळ्यात आवर्तने सुटत जातात तसा जलाशय आटत जातो आणि काठाची तपकिरी जमीन उघडी पडते. रंधा धबधबा आणि धरणालगतचा अंब्रेला फॉल यांची छायाचित्रे आपण पाहतो ती बहुधा पावसाळ्यातील असतात. मे महिन्यात विसर्ग असेल तरच तेथे पाणी दिसते.

त्याहून महत्त्वाची बाब आहे ती डोंगरावरील वाड्यांची. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर नगर शहराच्या वाट्याला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर येतो. तरीही काळा कातळ आणि तीव्र उतार यांमुळे ते पाणी जमिनीत मुरत नाही, वाहून जाते, आणि अकोले तालुक्यातील काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या मायबहिणी डोक्यावर हंडा घेऊन चढण चढतात, त्यांच्या पाण्यावर आपली सहल उभी राहू नये, एवढी जाण प्रत्येक पाहुण्याने ठेवावी. पिण्याचे पाणी आपल्या बरोबर न्यावे, आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात.

गैरसमज ७ : पैसे असतील तर आल्प्सला जावे, तेथे उन्हाचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती : आपल्या शाळांना सुट्टी असते ती मे महिन्यात, आणि त्या वेळी आल्प्समधील अनेक उंच घाटरस्ते अजून बर्फाने बंद असतात, हे खरे, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये तेथेही उष्णतेच्या लाटा येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आकाशात शून्य अंशाची पातळी ५२९८ मीटरांपर्यंत चढली, म्हणजे आल्प्सचे सर्वोच्च शिखर मों ब्लां याच्याही वर. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत तेथील हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला, आणि ३ जुलै २०२२ रोजी इटलीतील मार्मोलादा पर्वतावर हिमनदीचा कडा कोसळून ११ जण मरण पावले. तेथील पुष्कळ घरांत आणि जुन्या हॉटेलांत वातानुकूलनही नसते, कारण त्याची गरज पूर्वी कधी भासली नव्हती. ज्यांना जायचे आहे त्यांनी अवश्य जावे, तो प्रदेश अप्रतिम आहे. पण उन्हापासून पळून जाता येईल असा मुलूख पृथ्वीवर उरला आहे, या समजुतीने जाऊ नये.

डोंगर आल्प्सचा असो वा सह्याद्रीचा, उंचीवरचे ऊन अधिक प्रखर असते, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. वारा गार लागतो म्हणून कातडी भाजत नाही असे नाही.

बेत कसा आखावा

नगरहून पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला मुक्कामी पोहोचावे. अकरा ते चार ही वेळ घरातल्यासारखीच सावलीत काढावी: जेवण, वामकुक्षी, पत्ते, मुलांना गोष्टी. चारनंतर रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पाहावे, ज्याच्या दगडी गाभाऱ्यात उन्हाळ्यातही गारवा असतो; सायंकाळी घाटघरच्या कड्यावर वाऱ्याला उभे राहावे. कळसूबाई चढायचीच असेल तर बारी गावातून उजाडण्यापूर्वी निघावे आणि दहाच्या आत उतरणीला लागावे, कारण ती वाट बरीचशी उघडी आहे आणि तेथील लोखंडी शिड्या उन्हाने तापतात. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आधी, गेलात तर हिरडा-बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजव्यांचे थवे दिसतील. तेव्हा गाडीचे दिवे बंद ठेवावेत, फ्लॅश वापरू नये आणि गवत तुडवू नये, कारण काजव्यांची पुढची पिढी त्याच मातीत वाढत असते. काजव्याच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसतेच, आणि उन्हाळ्यातले ते सर्वांत शीतल दृश्य रात्रीच पाहावे लागते.

कोणी बरळू लागले, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा आणि क्षणाचाही विलंब न करता त्या व्यक्तीला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व मानेवर बर्फ किंवा गार ओल्या घड्या ठेवाव्यात, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सहल रद्द करू नका. मुलांना डोंगर दाखवलाच पाहिजे, आणि आजीलाही नातवंडांबरोबर जलाशयाच्या काठी संध्याकाळ घालवण्याचा हक्क आहे. फक्त ठिकाण ठरवण्याआधी दिवसाचे तास ठरवा, हवामान विभागाचा इशारा वाचा, आणि तो लाल असेल तर बेत एक आठवडा पुढे ढकला. डोंगर आठवडाभराने तेथेच असेल.