कांस्याची नक्षी, कागदाची पट्टी

दिल्लीच्या चावडी बाजारात तांब्यापितळेची भांडी आणि कागद, दोन्हींचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भांड्यावरची नक्षी कागदावर उतरवण्याची कल्पना इथे चटकन पटते. पूर्व आशियाने ती प्रत्यक्षात आणली आहे. प्राचीन चिनी पूजापात्रांची नक्षी छापलेली, बोटभर रुंदीची, हाताने फाडता येणारी शोभेची चिकटपट्टी तिथे रोजनिशीच्या पानाला काठ म्हणून लावतात.

ही पट्टी मुळात रंगाऱ्यांची. जपानमधील कुराशिकीची कामोई काकोशी ही कंपनी 1923 मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद बनवण्यासाठी सुरू झाली आणि पुढे रंगकामात कडा झाकायच्या मास्किंग टेपकडे वळली. 2008 मध्ये तिने 'एमटी' नावाने शोभेच्या पट्ट्या बाजारात आणल्या. कागद पातळ पण चिवट, गोंद बेताचा. त्यामुळे पान न फाटता पट्टी उचलता येते. संग्रहालयांनाही हे माध्यम आवडले. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाने 2013 मध्ये कांगशी सम्राटाच्या हस्ताक्षरातला शेरा छापलेली पट्टी काढली आणि ती तुफान खपली.

कांस्यपात्रांची नक्षी तर पट्टीवर अगदी चपखल बसते, आणि त्याचे कारण ओतकामात आहे. चीनच्या शांग राजवटीच्या काळात (इ.स.पू. सुमारे 1600 ते 1046) पितरांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी ही पात्रे घडवली गेली. आन्यांगला 1939 मध्ये सापडलेले चार पायांचे एक 'दिंग' पात्र तब्बल 832 किलोंचे आहे. पात्रांवर 'ताओतिये' हा मुखवटा असतो: टपोरे डोळे, शिंगे, बहुधा खालचा जबडा नाही, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. भोवती चौकोनी वेटोळी. आपल्याकडे मेणाची प्रतिकृती वितळवून मूर्ती ओततात. चिनी ओतारी मातीच्या साच्याचे तुकडे जोडत. म्हणून नक्षीही भागाभागांत, आडव्या पट्ट्यांत मांडली गेली. इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांतल्या होउमाच्या ओतशाळेत तर एकाच ठशावरून मातीच्या नक्षीपट्ट्या पुन्हा पुन्हा काढून साच्यात बसवत. पुनरावृत्ती ही त्या कलेची रीतच होती. आजची छपाई तिच्याशी इमान राखते.

2011 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्राचीन चीनच्या कलावस्तूंचे प्रदर्शन भरले. नंतर ते मुंबईलाही आले. ज्यांनी ते पाहिले नाही, त्यांच्यासाठी अशी पट्टी ही त्या कलेची पहिली ओळख ठरू शकते. अट एकच: नक्षी कोणत्या पात्रावरची, कोणत्या काळची, हे वेष्टनावर लिहिलेले असावे. पितरांसाठी घडलेल्या वस्तूचा तेवढा मान राखायलाच हवा.

याच राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा संस्कृतीची रंगवलेली मडकी आहेत. एकमेकांना छेदणारी वर्तुळे, पिंपळपाने यांचे पट्टे त्या काळच्या मडक्यांभोवती फिरतात. तीही नक्षी पट्टीसाठी तयार आहे. ती शाळकरी मुलांच्या वह्यांवर पोचली, तर संग्रहालयात पाऊल टाकण्याआधीच मुलांना ती मडकी ओळखीची झालेली असतील.