इष्ट देशी भोजन : स्वमग्न बालक, त्याचे कुटुंब आणि उपाहारगृह

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात सात वर्षांच्या एका स्वमग्न मुलास घेऊन त्याचे आईवडील येत असत. मलावष्टंभ आणि मोजकेच पदार्थ खाणे, अशी तक्रार होती. आम्ही औषध दिले, पथ्याचा कागद लिहिला आणि सवयीप्रमाणे शेवटी एक ओळ लिहिली, 'बाहेरचे खाणे पूर्ण बंद.' मलावष्टंभ सुधारला. वर्षभराने त्या मुलाची थोरली बहीण तापासाठी आली असता आम्ही सहज विचारले, "यंदा वाढदिवस कुठे साजरा केलास?" ती म्हणाली, "घरीच. आम्ही आता हॉटेलात जातच नाही. तुमच्या कागदावर लिहिले आहे ना!" तिची आई ओशाळून म्हणाली, "खरे सांगायचे तर डॉक्टर, तो कागद मिळाला तेव्हा आम्हांला बरेच वाटले. लोकांना सांगायला एक कारण मिळाले."

आमच्या एका ओळीने चार माणसांच्या कुटुंबाचे बाहेर पडणे थांबले होते आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच.

शास्त्राची बाजू

स्वमग्नतेस संहितेतील एखाद्या व्याधीचे नाव देण्याचा खटाटोप आम्हांस येथे करावयाचा नाही. ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता आहे आणि ती बरी करण्याचे आश्वासन कोणत्याही चिकित्सकाने देऊ नये. परंतु या बालकाच्या जेवणाचा विचार करताना आपले शास्त्र निश्चितच उपयोगी पडते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. आपण पथ्य लिहितो तेव्हा बहुधा पहिल्या चारांपाशीच थांबतो. जेवणारा कोण आहे, त्याचे ओकसात्म्य काय आहे, तो कोठे व केव्हा जेवणार आहे, हे राहून जाते. त्याच अध्यायात आचार्य इष्ट देशी, इष्ट उपकरणांसह जेवावे असे सांगतात आणि अनिष्ट स्थळी मनाचा विघात होतो, हे त्याचे कारणही देतात. पुढील अध्यायात तर मात्रेने घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय व क्रोध यांमुळे पचत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. स्वमग्न बालकासाठी भरगच्च उपाहारगृह हा असा अनिष्ट देश ठरतो. मात्र योग्य तयारीने तो इष्ट करता येतो, हे आमचे मुख्य प्रतिपादन आहे.

उपाहारगृहात नेमके काय घडते?

या बालकांपैकी पुष्कळांची इंद्रिये शब्द, स्पर्श, रूप, रस व गंध यांना सामान्यांहून अधिक किंवा कमी प्रतिसाद देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या लक्षणाचा निदानाच्या निकषांत समावेश झाला. आपल्या परिभाषेत हा असात्म्येंद्रियार्थसंयोगच होय. आपल्याला जो आवाज साधा वाटतो, तो या मुलास अतियोग होऊ शकतो.

रविवारी सायंकाळचे एखादे उपाहारगृह डोळ्यांसमोर आणावे. स्टीलची ताटे आदळत आहेत, मिक्सर घरघरत आहे, फोडणीचा ठसका येत आहे, शेजारच्या टेबलावर धुराचा लोट सोडणारे सिझलर येत आहे, कोणाच्या तरी वाढदिवसाचे गाणे एकाएकी मोठ्याने लागते आणि हात वाळविण्याचे यंत्र गरजू लागते. थाळीच्या ठिकाणी आणखी एक अडचण असते. वाढपी एकामागून एक येतात, न विचारता वाढतात, वर आग्रह करतात. आमटी वाहत जाऊन भाताला लागली की एखादे मूल ते ताटच नाकारते. आपण त्यास हट्ट म्हणतो, पण त्या मुलाच्या लेखी ते अन्न आता वेगळेच झालेले असते. त्यातच जागेसाठी अर्धा तास ताटकळावे लागले, तर पहिला घास येण्यापूर्वीच त्याची सहनशक्ती संपलेली असते.

पालकांस काय सांगावे?

१. काल : गर्दीची वेळ टाळावी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास किंवा सायंकाळी सातच्या आत जावे. मूल फार भुकेले अथवा थकलेले असताना नेऊ नये.

२. देश : घराजवळचे एकच स्थळ निवडून तेथेच पुनःपुन्हा जावे. मालकास किंवा व्यवस्थापकास आधी भेटून मुलाविषयी दोन वाक्ये सांगावीत. टेबल भिंतीलगतचे, दाराजवळचे, पण स्वयंपाकघर व हात धुण्याच्या जागेपासून दूरचे मागावे. फॅमिली रूम असल्यास उत्तम. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. अशी मागणी करताना पालकांनी संकोच बाळगू नये.

३. पूर्वतयारी : त्या जागेची छायाचित्रे आदल्या दिवशी मुलास दाखवावीत. आधी गाडी, मग टेबल, मग इडली, मग हात धुणे, मग घर, हा क्रम चित्रांनी सांगावा. पुढे काय होणार हे ठाऊक असले की भय पुष्कळ कमी होते.

४. उपकरणे : घरची ताटली, चमचा व पाण्याची बाटली न्यावी. आवाज कमी करणारी कानपट्टी, आवडते पुस्तक किंवा खेळणे जवळ असावे. मुलाचा नेहमीचा पदार्थ डब्यातून आणण्याची अनुमती आधीच घ्यावी.

५. अन्न : पदार्थ दूरध्वनीवरून आधी सांगून ठेवावा. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत मागावा, चटणी-सांबार ताटाबाहेर ठेवावे. नवा पदार्थ चाखण्याचा आग्रह या ठिकाणी करू नये. नवीन चवीचा अभ्यास घरी, शांत वेळी करावा.

६. परतीची वाट : देयक आरंभीच चुकते करावे. मूल अस्वस्थ झाल्यास त्यास बाहेर कोणी न्यावयाचे, हे घरून निघतानाच ठरवावे. बाकीच्यांनी शांतपणे जेवण पूर्ण करावे. भावंडाच्या वाट्याचे जेवण दर वेळी अर्धवट सुटता कामा नये.

येथे पादांशिक क्रमाची आठवण ठेवावी. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आचार्यांनी अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार एकदम न करता अंशाअंशाने करावयास सांगितले आहे. त्याच न्यायाने पहिल्या खेपेस केवळ दहा मिनिटे बसून एखादे सरबत घ्यावे व परतावे. पुढच्या खेपेस एक इडली, त्यानंतर थोडे अधिक. मूल ठीक असतानाच उठावे, म्हणजे त्या जागेची चांगली आठवण मनात राहते.

इतके करूनही एखाद्या दिवशी मूल किंचाळेल, टेबलाखाली शिरेल, कान झाकून घेईल. ही शिस्तीची उणीव नव्हे. अशा वेळी रागावू नये, प्रश्न विचारू नयेत, उपदेश करू नये. कमीत कमी शब्दांत त्यास मोकळ्या हवेत न्यावे. भोवतालच्यांच्या नजरा पालकांना त्या प्रसंगाहून अधिक जिव्हारी लागतात, हे आम्ही अनेकांकडून ऐकले आहे. म्हणून आपणांपैकी कोणी शेजारच्या टेबलावर असल्यास त्यांनी वळून पाहू नये. फारतर "काही मदत हवी का?" एवढेच विचारावे.

चिकित्सकाची मर्यादा

आता आपल्या पथ्याविषयी. पुष्कळ स्वमग्न मुले मुळातच आठदहा पदार्थांवर जगतात. त्यांतून गहू काढावा, दूध काढावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. ग्लुटेन व केसीन वर्ज्य केल्याने स्वमग्नतेत लाभ होतो, यास पुरेसा आधार २००८ च्या कॉक्रेन समीक्षेस आढळला नाही. ज्यास खरोखर सीलिॲक रोग वा दुधाची ॲलर्जी आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याचे पथ्य कडकच हवे आणि उपाहारगृहासही ते कळविले पाहिजे. एरवी आठांपैकी तीन पदार्थ काढून घेणे म्हणजे त्या मुलाचे पोषण धोक्यात घालणे होय. अतिमर्यादित आहारामुळे अशा मुलांत क जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही रोगही झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. वजन घटत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा माती, चुना असे अखाद्य पदार्थ मूल खात असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या कुटुंबाचा कागद आम्ही बदलून दिला. 'बाहेरचे खाणे पूर्ण बंद' ही ओळ खोडली आणि त्या जागी लिहिले, 'महिन्यातून दोनदा, गर्दी नसताना, सर्वांनी मिळून बाहेर जावे.' पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसऱ्या खेपेस मुलगा बारा मिनिटे बसला. बहिणीचा पुढील वाढदिवस त्यांनी एका साध्या उपाहारगृहात, सकाळी अकरा वाजता साजरा केला. मुलगा आजही तेथे इडलीच खातो आणि चटणीची वाटी अद्यापही दूर ठेवावी लागते.

वैद्यबंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे की, 'बाहेरचे खाऊ नये' असे लिहिण्यापूर्वी त्या घरात आणखी कोण कोण जेवते, हे एकदा विचारावे.