मुठीत मावणारे शहर

'ग्रँड थेफ्ट ऑटो : चायनाटाऊन वॉर्स' हा खेळ २००९ साली निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी निघाला. बापाच्या खुनानंतर हुआंग ली हा तरुण लिबर्टी सिटीत येतो. हे शहर न्यूयॉर्कवर बेतलेले आहे. त्यात हवे तिकडे भटकावे, हवी ती गाडी पळवावी. चोरलेल्या गाडीचे स्क्रूही पडद्यावर आपणच फिरवायचे. पोलीस पाठीस लागले, तर त्यांच्याच गाड्या निकामी करून सुटायचे. हे स्वातंत्र्य मोहक आहे, यात शंका नाही.

परंतु भरघोस पैसा मिळतो तो मादक पदार्थांच्या व्यापारातून. एका वस्तीत स्वस्त घ्यायचे, दुसरीत महाग विकायचे. माझे वडील भुसार बाजारात हमाली करतात. भाव चढला की कोणाच्या चुलीवर काय शिजत नाही, हे आमच्या घरात न सांगता कळते. खेळाच्या हिशेबात मात्र फक्त नफा मांडलेला असतो. व्यसनापायी बुडालेल्याचे घर त्यात येत नाही. मित्रांनो, या शहरातले सारे रस्ते आपल्याला मोकळे आहेत. त्या घराकडे मात्र एकही वळत नाही.