भांडी, अंथरूण आणि मंगळसूत्र

दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीत 1809 साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी राहत होता. त्याची पत्रं 1813 मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. छावणीत थकबाकी कशी वसूल होई, हे त्यांत वाचायला मिळतं. ज्याचं येणं असे, तो देणेकऱ्याच्या तंबूपुढे धरणं धरून बसे. तो उपाशी, म्हणून आतला माणूसही उपाशी. पगार थकले की पलटणीसुद्धा हाच मार्ग धरत, अगदी दरबाराविरुद्धही. तिकडे दक्षिणेत, पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने लिहिलेल्या अहवालात तगाद्याची हीच तऱ्हा नोंदलेली आहे. बरोबरीच्या किंवा गरीब ऋणकोला सावकार घरात अडकवून ठेवी, जेवू देत नसे, उन्हात बसवी.

थोड्याच काळात ती छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला स्थिरावली आणि तिचं लष्कर हे शहर झालं. तिथल्या शिंदे की छावनी भागात आज कोणाच्या दारात तंबू नाही, पण तगादा आहेच. आता तो कागदावरून येतो: समन्स, मग डिक्री, मग कुर्की. आपण महाराष्ट्रात हुकूमनामा आणि जप्ती म्हणतो. कायदा दोन्हीकडे एकच, 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता. तिचं कलम 60 पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झाले. एरवी जमीनजुमला आणि रकमांची भाषा बोलणारा कायदा इथे थेट स्वयंपाकघरात येतो.

काय जप्त करता येणार नाही, याची ती यादी आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. पलंग आणि अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी गुरं आणि बियाणं. मजुराची मजुरी. सरकारी पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी. कर्ज फेडायचं तर माणूस जगला पाहिजे, कमावता राहिला पाहिजे, हे इथे भांड्या-अवजारांपर्यंत उतरवून लिहिलेलं आहे.

पगाराचा हिशेब तर आणखी विलक्षण. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. समजा पगार 40,000 आहे. 39,000 चे दोन तृतीयांश 26,000, त्यात ते 1,000. म्हणजे 27,000 घरी येतात आणि जप्ती फक्त 13,000 वर. तीही एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिने चालली की संपली. त्या हुकूमनाम्यापोटी पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. इतर मालमत्ता मात्र मोकळी सुटत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याला हे गणित लागू नाही, तिथे पगाराचा एक तृतीयांश भागच वाचतो, आणि ते योग्यच आहे. बँकेकडे गहाण टाकलेल्या घराचीही गोष्ट वेगळी. ते सोडवायला या यादीचा उपयोग नाही.

बेलिफ सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरू शकत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही केवळ गरिबीपायी तुरुंगात धाडता येत नाही. ऐपत असून देत नाही, पळून जाण्याच्या बेतात आहे किंवा मालमत्ता लबाडीने दुसऱ्याच्या नावावर केली, असं काही न्यायालयाला कारणांसह नोंदवावं लागतं. 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे ठणकावून सांगितलं. आणि कैद झालीच, तर ऋणकोच्या निर्वाहाचा भत्ता धनकोने आगाऊ भरायचा! त्याने तो भरला नाही, तर कैदी सुटतो. ब्रॉटनच्या छावणीत जो देणेकऱ्याला उपाशी ठेवत होता, त्याच्याच खिशातून कायद्याने जेवण काढलं. ज्या दैवी कोपाची भीती घालून धरणं चाले, ती भीती घालणं 1860 च्या दंड संहितेने गुन्हा ठरवलं. नव्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम, धरण्याच्या उदाहरणासकट, कायम आहे.

पण हे सगळं आपोआप पदरात पडत नाही. समन्स आलं की लोक ते कपाटात टाकून देतात, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. हप्ते बांधून द्या, असं न्यायाधीशांना विनवता येतं. पण हुकूमनामा होतानाच योग्य कारण दाखवलं तर ते त्यांच्या हातात असतं. हुकूमनामा झाल्यावर हप्त्यांना धनकोचीही संमती लागते. गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागलाच, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवस मिळतात. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर निकाल कळल्यापासून 30. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तडजोड करायची तर लोक अदालत आहे.

आणि धनकोच्या हातात परस्पर पैसे ठेवले, तर त्याची नोंद त्याच न्यायालयात करून घ्यावी; ऋणकोला त्यासाठीही 30 दिवसच आहेत. नोंद नसलेली फेड अंमलबजावणी करणारं न्यायालय धरत नाही, आणि हुकूमनामा 12 वर्षं जिवंत असतो.