उंटिणीची धार

जालन्याच्या पलीकडे, विदर्भात, कच्छी रबारी पशुपालक मेंढ्या आणि उंट घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. शेतं मोकळी झाली की तिथे मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं. उंट बिऱ्हाड वाहतात आणि उंटिणी दूधही देतात. ते काढायची रीत पाहण्यासारखी आहे!

उंटीण पिल्लाशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. म्हणून आधी पिल्लू लावायचं. कास भरली की एका बाजूला पिल्लू, दुसऱ्या बाजूला माणूस. कास उंचावर असल्यामुळे बसून धार काढता येत नाही. धार काढणारा एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय दुमडून गुडघ्यापाशी टेकवतो, मांडीवर भांडं तोलतो आणि दोन्ही हातांनी पिळतो. पान्हा जेमतेम दीड-दोन मिनिटं टिकतो, म्हणून हात भराभर चालावा लागतो. चार सडांपैकी काही पिल्लासाठी राखून ठेवतात. गाभण काळच सुमारे 13 महिन्यांचा, त्यामुळे पिल्लू जगवणं आधी, दूध नंतर.

फेसाळ, किंचित खारट असं हे दूध ताजंच पितात किंवा त्याचा चहा करतात. त्याचं दही नीट लागत नाही.

पण उंट घेऊन फिरणाऱ्या या तांड्यांवर कधी संशयही घेतला जातो. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात रबाऱ्यांचे 58 उंट कत्तलीच्या संशयावरून जप्त झाले होते. पुढे न्यायालयाने ते परत द्यायला सांगितलं. रस्त्यात असा तांडा दिसला तर संशय घेण्याआधी दोन शब्द बोला.